झुलत्या पुलावरची धडधड

प्रेमाच्या रसायनशास्त्रावरील लेखांत डोपामिन या मेंदूतील रसायनाचा उल्लेख हमखास असतो. पण छातीत होणारी धडधड नेमकी कोणामुळे आहे हे मेंदू कसे ठरवतो, या प्रश्नाकडे त्यांतले थोडेच वळतात. मला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड डटन व आर्थर अ‍ॅरन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याला थेट भिडतो.

कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर सुमारे ४५० फूट लांब आणि ५ फूट रुंद असा झुलता पूल आहे. त्याचे कठडे बुटके, आणि २३० फूट खाली खडक व खळाळते पाणी. सोबत स्त्री नसलेल्या तरुणांना तेथे एक तरुणी गाठत असे, एका चित्रावरून त्यांच्याकडून छोटी गोष्ट लिहून घेत असे आणि अधिक माहिती हवी असल्यास फोन करा, असे सांगून कागदाच्या कपट्यावर आपला क्रमांक देत असे. जवळच्याच, पाण्यापासून जेमतेम १० फूट उंचीच्या भक्कम लाकडी पुलावरही हाच प्रकार करण्यात आला. झुलत्या पुलावर क्रमांक घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला, भक्कम पुलावरील १६ जणांपैकी फक्त दोघांनी.

भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढते, नाडी जलद चालते, तळव्यांना घाम फुटतो, आणि आकर्षणातही शरीराची अवस्था बरीचशी अशीच असते. त्यामुळे कारण शोधू पाहणारा मेंदू दरीचे देणे समोरच्या तरुणीच्या खात्यावर मांडतो, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

आकडे लहान आहेत, हे मान्य करावेच लागेल. शिवाय झुलता पूल निवडणारे तरुण मुळातच धाडसी असतील, ही शंका रास्त होती. म्हणून पुढच्या फेरीत तोच पूल ओलांडून काही वेळ विसावलेल्यांशी तुलना केली गेली, आणि विसावलेल्यांकडून कमी फोन आले.

तरीही पहिल्या भेटीसाठी भयपटाची तिकिटे काढणाऱ्यांनी १९८१ मधील ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांचा प्रयोग विचारात घ्यावा. त्यात जागच्या जागी धावून नाडी वाढवलेल्या पुरुषांना आकर्षक दिसणारी स्त्री अधिक आवडली, पण तीच स्त्री मुद्दाम अनाकर्षक रूपात दाखवल्यावर, न दमलेल्या पुरुषांपेक्षा त्यांना ती अधिक नावडती वाटली.