तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांनी लढाईत काय केलं?

आमच्या हॉलमध्ये बाबांचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, खाली फ्रेममध्ये मेडल, त्यामुळे घरी कुणी पहिल्यांदा आलं की चहा यायच्या आत विचारतातच, 71 च्या लढाईत होते ना हे, मग नक्की काय केलं त्यांनी? म्हणजे किती मारले असं विचारायचं असतं, पण तोंडावर तसं विचारवत नाही ना.

तर, वायर टाकली. बाबाही एवढंच सांगायचे. ते लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन दलात, लाइनमन, 1968 ला भरती, जबलपूरला ट्रेनिंग, आणि 3 डिसेंबरला लढाई पेटली तेव्हा राजस्थानच्या वाळूत केबलचा ड्रम खांद्यावर. तेव्हाचा फील्ड टेलिफोन म्हणजे इकडे हँडल फिरवायचं की तिकडे घंटी वाजते, आणि मधे सगळी जमिनीवरून नेलेली वायर. ती तोफगोळ्यांपेक्षा आपल्याच गाड्यांखाली जास्त तुटते असं ते म्हणायचे. तुटली की रात्री अंधारात, टॉर्च न लावता, वायर मुठीतून सरकवत चालत राहायचं, जिथे मूठ रिकामी झाली तिथे फॉल्ट, मग दुसरं टोक चाचपून शोधायचं, सोलायचं, पिळायचं, टेप मारायची आणि परत. 17 तारखेला युद्ध थांबलं. संपली गोष्ट, की बाबा पोह्यांवर जीरावन (आमच्याकडचा इंदुरी मसाला) भुरभुरवायला मोकळे. मला लहानपणी याची जाम लाज वाटायची, शाळेत मी बाबांनी टँक उडवला असं सांगून ठेवलं होतं (एकदा नाही, दोन-तीनदा).

पण त्यानंतर काय केलं हे कुणीच विचारत नाही, आणि मला खरं तर तेच सांगायचं असतं.

1992 ला हवालदार म्हणून रिटायर होऊन ते इंदूरला घरी आले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या पलटणीतल्या एका मित्राची बायको दारात उभी. नवरा गेला, फॅमिली पेन्शन सुरू होईना, कारण रेकॉर्डमध्ये बायको म्हणून भलतंच नाव. आता हे कसं होतं बघा, आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहायची हौस, नवरदेव बिचारा चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला, हळद उतरायच्या आत युनिटला परत, तिथे क्लार्क विचारतो बायकोचं नाव काय, हा माहेरचं सांगतो की सासरचं ते त्याचं त्याला माहीत, आणि पार्ट टू ऑर्डर (अशा नोंदींचा लष्करी आदेश) निघाली की तेच पक्कं. माळव्यातल्या खेड्यांत आणखी वेगळं, एका कागदावर नुसतं सुमन, दुसऱ्यावर सुमनबाई, तिसऱ्यावर सुमनदेवी. नवरा असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही, तो गेला की खिडकीतला माणूस म्हणतो या तीन बायका आहेत. एका आजींनी आमच्या ओट्यावर बसून विचारलं होतं, "भैयाजी, मेरे नाम में ऐसी क्या खराबी है?" बाबांना उत्तर सुचलं नाही, ते म्हणाले, पहले पानी पियो.

मग दर रविवारी ओट्यावर दोन खुर्च्या आणि एक स्टूल. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), लग्नाची पत्रिका असेल तर ती, सगळे कागद एकापुढे एक मांडून बोट फिरवत जायचे आणि नाव बदललं तिथे थांबायचे, "हा इथे फॉल्ट". मग अ‍ॅफिडेव्हिट, पेपरात जाहिरात, आणि रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, सिग्नल्सचं जबलपूर, मराठा रेजिमेंटचं बेळगाव, महार रेजिमेंटचं सागर, ते पत्ते त्यांना तोंडपाठ. फोन करायला कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ, आणि तिथून फौजी पद्धतीनं, म्हणजे एकेका इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द, असं स्पेलिंग ओरडायचे, सिएरा, युनिफॉर्म, माइक, अल्फा, नोव्हेंबर! बूथवाल्याची पोरं आम्हाला रस्त्यात चिडवायची, ए सिएरा. पैसे कधी घेतले नाहीत, थंडीत कुणी गराडू (तळून खायचे कंद) आणले तर तेवढे घ्यायचे. आता हेही सांगते की घरच्या कामाला त्यांना वेळ नसायचा, माझा कॉलेजचा फॉर्म त्यांच्याच पिशवीत राहिला आणि तारीख गेली. याचा राग माझ्या मनातून अजून पूर्ण गेलेला नाही.

आणि या सगळ्यात आमच्याच घरात फॉल्ट निघाला. आईचं लग्नात नाव बदललेलं, आजी, आत्या, शेजारी, बँक, रेशन कार्ड, सगळीकडे सासरचं, आणि बाबांच्या रेकॉर्डमध्ये माहेरचं, कारण क्लार्कनं विचारल्यावर तेच त्यांच्या तोंडी आलं, लग्न ठरल्यापासून पत्रं त्याच नावानं लिहीत होते ना. ते अर्ज घेऊन बसले, रेकॉर्डमध्ये बदल करून घेतो म्हणाले. आई म्हणाली, तिकडे आहे तसंच राहू द्या, इकडचं बदला. मग बँक, आधार, मतदार यादी असं एकेक करत साठीच्या उंबरठ्यावर तिनं स्वतःचं नाव परत घेतलं. आत्याला अजून पटलेलं नाही, ती जुन्यानंच हाक मारते. (दोन्ही नावं इथे लिहीत नाही, आई ओरडेल.)

बाबा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. आईची पेन्शन दोन महिन्यांत सुरू झाली, कागद सगळे एका फाइलमध्ये लावून ठेवले होते त्यांनी, वर पेन्सिलीनं नंबर टाकून. गेल्या नोव्हेंबरात लाइफ सर्टिफिकेटचं काहीतरी अडलं म्हणून बँकेतून फोन आला, त्या मुलाला नाव नीट ऐकू जाईना, मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येते तर आई झोपाळ्यावर ताठ बसून, फोन तोंडाजवळ धरून, एकेक अक्षर सांगतेय, आणि दोनदा विचारल्यावर चढ्या आवाजात, नाही नाही, किलो, किलो, काइट वाला के!