सर्टिफिकेटवर पास, तेलात नापास

दिवाळीच्या तोंडावर मंडीत नवं सोयाबीन उतरलं की आमच्या इंदूरच्या रिफायनरीत हिरव्या तेलाची कटकट सुरू होते. कच्च्या दाण्यांतलं क्लोरोफिल तेलात येतं आणि तेल नुसतं धुऊन ते जात नाही. त्याला लागते ब्लीचिंग अर्थ, म्हणजे आम्लात शिजवलेली बेंटोनाइट माती. आमची कच्छमधून येते.

त्या दिवशी सकाळीच ऑपरेटरचा फोन. "मॅडम, हरापन नहीं जा रहा, और फिल्टर भी चोक हो रहा है." रात्री मातीचा नवा लॉट लावला होता. डोस एक टक्क्यावरून दीडवर नेऊन झाला होता, तरी तेच. डोस वाढवणं हा प्लांटवाल्यांचा आवडता उपाय आणि माझा नावडता. वापरलेली माती बाहेर पडताना तेलही पिऊन जाते, आणि सोयाच्या तेलाने भिजलेला तो ढीग उघड्यावर आपोआप पेट घेऊ शकतो, हे वेगळंच.

पर्चेसच्या साहेबांनी मातीच्या पुरवठादाराचं सर्टिफिकेट पुढे केलं. "सर्फेस एरिया उलट वाढलाय, बघा. तुमच्याच तेलात साबण राहिला असेल." सर्फेस एरिया म्हणजे एक ग्रॅम मातीचं, आतल्या पोकळ्यांसकट, एकूण पृष्ठफळ. साबणाची शंका रास्त होती. तेलातली आम्लं अल्कलीने काढताना उरलेला साबण आणि गम, म्हणजे तेलातले चिकट घटक, मातीवरच्या जागा आधीच अडवून बसतात. दोन्ही तपासले. मर्यादेत होते.

मग जुन्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना काढला. एकच तेल, तेवढीच माती, १०० अंशांवर अर्धा तास. तेलाचा रंग मोजणाऱ्या लोव्हिबाँडच्या लाल-पिवळ्या आकड्यांत दोघांत फार फरक दिसेना, पण खिडकीपाशी धरल्यावर नव्या मातीच्या तेलात हिरवी झाक स्पष्ट होती. ६७० नॅनोमीटरला, म्हणजे क्लोरोफिल जो लाल प्रकाश शोषतं तिथे, शोषण मोजलं आणि वाद मिटला. सोयासाठी नुसत्या लोव्हिबाँडवर विसंबणं मला कधीच पटलेलं नाही.

नवी माती चिमटीत चोळली तर रवाळपणा जवळजवळ नाहीच. दोन्ही माती पाण्यात ढवळून सिलिंडर शेजारी-शेजारी ठेवले. जुनीचं पाणी निवळायला लागलं, नवीचं वरपर्यंत गढूळच. फिल्टर का चोंदतोय ते तिथेच कळलं. हिरवेपणाचं उत्तर मात्र नुसत्या कणांच्या आकारात नव्हतं. माती बारीक असेल तर रंग उलट जास्त उतरायला हवा.

खंडवा रोडवर विद्यापीठात ओळख होती, तिथे दोन्ही नमुन्यांचं एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची चाचणी, करून घेतलं. जुन्याच्या आलेखात बेंटोनाइटमधल्या मुख्य खनिजाचं, मॉन्टमोरिलोनाइटचं, १५ अँगस्ट्रॉमजवळचं (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) शिखर बुटकं झालेलं, पण जागेवर. नव्यात ते जवळपास पुसलेलं, आणि २२ अंशांच्या आसपास पसरट फुगवटा: स्फटिकरूप हरवलेली सिलिका. केओलिनाइट या दुसऱ्या माती-खनिजाचं ७ अँगस्ट्रॉमचं आणि क्वार्ट्झचं, म्हणजे गारगोटीचं, ३.३४ चं शिखर मात्र दिमाखात उभं. आम्ल या दोघांच्या फारसं वाटेला जात नाही, आणि रंग उतरवण्यात या दोघांचा उपयोगही बेताचाच.

माती आम्लात प्रमाणाबाहेर शिजली होती. मॉन्टमोरिलोनाइटचे थर चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक असतात. आम्ल कडांकडून शिरून थरांतलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, लोह काढतं. कडा सुटतात आणि काही नॅनोमीटरच्या पोकळ्या तयार होतात. एक-दोन नॅनोमीटरच्या क्लोरोफिलला शिरायला एवढी वाट लागतेच. पण वेळेत थांबलं नाही, तर ॲल्युमिनियमबरोबर क्लोरोफिलला धरून ठेवणाऱ्या आम्लधर्मी जागाही जातात, आणि मागे सिलिकेचा ठिसूळ सांगाडा उरतो, ज्याचा भुगा व्हायला वेळ लागत नाही. सर्फेस एरिया मोजतात नायट्रोजनने. तो रेणू क्लोरोफिलच्या मानाने चिमुकला, सांगाड्यातही सगळीकडे फिरून येतो. त्यामुळे आकडा छान येतो. रंग उतरवण्याचा कळस बहुधा सर्फेस एरियाच्या कळसाआधीच येऊन गेलेला असतो.

पुरवठादाराला आलेख पाठवले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या ऑर्डरमध्ये एरियाच मागितला होता. तो दिला." कागदावर त्याचं बरोबर होतं. उरलेला लॉट जुन्या मातीत थोडा-थोडा मिसळून संपवला. ऑर्डरच्या मसुद्यात आता एरियाच्या वर दोन ओळी आहेत: आमच्याच तेलावरची ब्लीच चाचणी, आणि गाळायला लागणारा वेळ. पर्चेसच्या साहेबांनी दुसरी ओळ दोनदा खोडली होती, दर वाढेल म्हणून.