जर्मनीत सहा महिने? आधी पत्रपेटीवर नाव लावा

आमच्या ऑफिसातून पुण्याहून कुणी ना कुणी स्टुटगार्टला प्रोजेक्टवर येतच असतं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: कुकर आणू का? आणा की. पण त्याआधी घर ठरवताना मालकाला विचारा, इथे 'आनमेल्डुंग' करता येईल ना? राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते द्यायला जो कां-कू करतो, त्याचं घर कितीही स्वस्त असलं तरी नको.

मग पत्रपेटी. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर 'कुलकर्णी' नसेल तर पत्र परत. आणि टॅक्सचा नंबर काय, बँकेचं कार्ड काय, सगळं पोस्टानेच येतं. पोटभाडेकरू असाल तर मूळ नावाखाली आपली चिठ्ठी चिकटवा, रोमन लिपीत, पासपोर्टवरच्याच स्पेलिंगने.

रविवारी दुकानं बंद. दूध-कांदे शनिवारीच भरा. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातलं दुकान उघडं असतं, पण महाग. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकल्या की बहुतेकींचे 25 सेंट परत मिळतात.

फोडणी झाली की खिडकी पाच मिनिटं सताड उघडा, थंडीतही. नुसती तिरकी ठेवली तर भिंत गार पडून बुरशी धरते आणि डिपॉझिटवरून वाद होतात. हिंगाचा वास जिन्यात उरतोच म्हणा. आमच्या शेजारच्या आजींना तो चालतो. तुमच्या शेजाऱ्यांची हमी मी देत नाही.