प्रोटोटाइप पास झाल्यानंतरचे तेरा महिने

भोसरी एमआयडीसीत आमचा गाळा आहे. अकरा माणसं, सोल्डरिंगची दोन टेबलं, एक स्पॉट वेल्डिंग मशीन आणि माळ्यावर ऑफिस. आम्ही तिघं भागीदार. डिझाइन आणि प्रॉडक्शन त्या दोघांकडे, कागद माझ्याकडे. २०२१ पर्यंत आम्ही चाकणच्या गाड्यांसाठी वायरिंगचं जॉबवर्क करायचो आणि जोडीला थोडे बॅटरी पॅक बनवायचो. आज आमचे पॅक उंच, थंड प्रदेशातल्या जवानांच्या उपकरणांना वीज देतात. मधे चार वर्षं गेली. ठिकाण, युनिट, नगसंख्या यातलं काही लिहिणार नाही, करारात तसं बंधन आहे. बाकी जे सांगता येईल ते सगळं सांगते, कारण आम्ही सुरुवात केली तेव्हा हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

आधी आमचा माल काय ते सांगते. लिथियम-आयन सेल शून्याच्या खाली चार्ज केला की लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरत नाही, वरच धातूचा थर होऊन बसतं. त्या सेलची क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्ट व्हायची भीती राहते ती वेगळीच. आमच्या पॅकमध्ये पातळ हीटर फिल्म आहे आणि आम्ही बनवलेला कंट्रोल बोर्ड आहे. सेल उबेला आल्याशिवाय तो बोर्ड चार्जिंग सुरूच होऊ देत नाही. एवढंच. पण हे एवढंच जमवायला माझ्या भागीदाराची दोन वर्षं गेली होती, आणि ते घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं.

तेव्हा आयडेक्सची माहिती मिळाली. संरक्षण मंत्रालयाची ही योजना २०१८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. ती चालवणारी डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन ही एचएएल आणि बीईएल या सरकारी संरक्षण कंपन्यांनी मिळून उभी केलेली, नफा न कमावणारी कंपनी आहे. सैन्यदलं आपली अडचण चॅलेंज म्हणून जाहीर करतात आणि स्टार्टअप, लघुउद्योग, अगदी एकटा संशोधकसुद्धा उत्तर घेऊन जाऊ शकतो. निवड झाली तर प्रोटोटाइपसाठी दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं. मोठ्या कामांसाठी पुढे आयडेक्स प्राइममध्ये दहा कोटींपर्यंत आणि २०२४ पासून अदिती योजनेत पंचवीस कोटींपर्यंतची सोय झाली आहे. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवशीच समजून घ्या: जेवढं अनुदान, तेवढाच तुमचा वाटा. आमचा प्रकल्प दीड कोटीचा होता, म्हणजे पंचाहत्तर लाख आमचे. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, "ऑर्डर दाखवा, मग कर्जाचं बोलू." ऑर्डर नव्हतीच, नुसतं चॅलेंज होतं. एका भागीदारानं वाघोलीचा प्लॉट विकला, मी माझी एफडी मोडली, उरलेले पैसे जॉबवर्कमधून महिन्याच्या महिन्याला काढले.

अर्ज भरताना आम्ही उत्साहात लिहिलं होतं, 'उणे ४० अंशांना पूर्ण क्षमता.' इन्क्युबेटरनं, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेनं, आम्हाला मार्गदर्शक म्हणून एक निवृत्त कर्नल साहेब दिले होते. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, हे तुम्ही मोजलंय का?" मोजलं नव्हतं. उणे २० पर्यंत मोजलं होतं, पुढचं गणितानं काढलं होतं. ते म्हणाले, "इथे जे लिहून द्याल ते ट्रायलला मोजलं जाणार. एक अंश कमी भरला तरी नापास." आम्ही ओळ बदलली, मोजलेला आकडा लिहिला. माझ्या मते आमची कंपनी त्या दिवशी वाचली. नंतर इतरांचे अर्ज वाचताना दहातल्या सातांमध्ये अशी ओळ मला सापडते. व्यापारी ब्रोशरमध्ये ती खपून जाते, सैन्याच्या फायलीत ती तुमच्या अंगावर येते.

निवड समितीसमोर सादरीकरण झालं, २०२२ च्या मध्याला करार झाला. टप्पे ठरले, प्रत्येक टप्प्याला आढावा, सीएचं खर्चाचं प्रमाणपत्र, मग पुढचा हप्ता. हे काम कटकटीचं आहे, पण अवघड नाही. खर्चाचं वेगळं बँक खातं आणि वेगळी फाइल पहिल्या दिवसापासून ठेवली की निभतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका मोज्यानं. आढाव्याच्या निमित्तानं वापरणाऱ्या जवानांशी बोलायची संधी मिळाली. तिथे साताऱ्याकडचे एक सुभेदार साहेब होते. मराठी ऐकून खुलले. आम्ही टेबलावर पॅक ठेवला, आकडे सांगायला लागलो. त्यांनी आकडे ऐकले आणि न बोलता आपल्या बॅगेतून हातमोजे काढले, एकावर एक असे तीन थर. ते चढवून त्यांनी कनेक्टर हातात घेतला. आमचा कनेक्टर आट्यांचा, फिरवून बसवायचा. तो मोज्यातून फिरेना. एकदा निसटला, दुसऱ्यांदा वाकडा बसला. "ताई," ते म्हणाले, "वर हे लावायला मला मोजा काढावा लागंल. उघडा हात तिथल्या लोखंडाला लागला तर कातडं चिकटून येतंय." आमच्या दोन वर्षांच्या कामात हा माणूस आणि हा मोजा कुठेच नव्हता. परत आल्यावर आम्ही ढकलून बसणारा आणि पट्टी ओढली की सुटणारा कनेक्टर घेतला. नगामागे अकराशे रुपये वाढले. आमचे वायरिंगचे काका तेव्हापासून प्रत्येक पॅक हातात वेल्डिंगचे जाड मोजे घालून लावून बघतात.

मग चाचण्या. सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना जेएसएस ५५५५५ नावाच्या मानकाप्रमाणे थंडी, उष्णता, हादरे, आपटणं, धूळ, पाऊस, खारं धुकं असं सगळं सोसून दाखवावं लागतं. एका लॅबमध्ये चेंबरसाठी सात आठवडे थांबलो आणि चाचणी अर्ध्यात असताना त्यांचा कॉम्प्रेसर बंद पडला. नियमाप्रमाणे पहिल्यापासून पुन्हा. पैसे पुन्हा, आठवडे पुन्हा. चाचणी सुविधांसाठी केंद्रानं २०२० मध्ये ४०० कोटींची योजना आणली, ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देऊन, पण तिचा भर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या डिफेन्स कॉरिडॉरवर, म्हणजे संरक्षण उद्योगांसाठी ठरवलेल्या पट्ट्यांवर. पुण्यात एआरडीई, एचईएमआरएल, दिघीची आर अँड डीई अशा संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत, खडकीचा दारूगोळा कारखाना आहे, हजारो छोटे वर्कशॉप आहेत. इथल्या लहान उद्योजकाला परवडेल असं सामायिक चाचणी केंद्र व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ट्रायल हिवाळ्यात, वर, प्रत्यक्ष थंडीत व्हायच्या होत्या. आम्ही ठरवलं होतं की डिसेंबरमध्ये पॅक विमानानं पाठवू. पण सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालासारख्या पाठवायला २०१६ पासून बंदी आहे, आणि मालवाहू विमानात चार्ज ३० टक्क्यांच्या आत लागतो, शिवाय यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा अहवाल. हे आम्हाला सप्टेंबरअखेर कळलं, तेही एका ट्रान्सपोर्टवाल्या दादांनी सहज सांगितलं म्हणून. मनाली-लेह रस्ता बर्फानं बंद होण्याआधी माल वर पोचणं भाग होतं. त्या दहा दिवसांत गाळ्यात कोणी घरी वेळेवर गेलं नाही. ऑक्टोबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात पेट्या ट्रकनं निघाल्या. त्या महिन्याच्या शेवटी 'पोचल्या' असा एका शब्दाचा मेसेज आला, तेव्हा मी देवासमोर दिवा लावला.

या ट्रायलना 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' म्हणायची रीत आहे. म्हणजे तिथवर जायचा, राहायचा, सुट्या भागांचा खर्च तुमचा, आणि घेण्याचं वचन नाही. मोठ्या कंपनीला हा किरकोळ खर्च असतो, अकरा माणसांच्या कंपनीला तो दोन महिन्यांचा पगार असतो. आमचा एक भागीदार आणि एक मुलगा असे दोघं सहा आठवडे वर होते. त्याच काळात, २०२४ च्या फेब्रुवारीत, मोशीला एमएसएमई डिफेन्स एक्स्पो भरला होता. मी स्टॉलवर उभी होते आणि दर दोन तासांनी फोन बघत होते.

पॅक चालले. आणि पुढे आणखी एक परीक्षा आहे हे तेव्हा नीट उमगलं: दुरुस्तीची. एमईटी म्हणतात तिला. ईएमईचा, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती विभागाचा, हवालदार तुमची वस्तू उघडतो, भाग बदलतो, पुन्हा बंद करतो. त्यांनी आमचा पॅक उघडला आणि प्रत्येक स्क्रूजवळ वापरलेलं हत्यार मांडत गेले. तीन प्रकारचे स्क्रू, तीन हत्यारं. "एकानं होईल का?" एवढंच विचारलं. झालं. सगळे स्क्रू एका मापाचे केले, एकही सैल होऊन खाली पडणार नाही असे अडकते घेतले.

आता शीर्षकातले तेरा महिने. ट्रायल यशस्वी झाल्या म्हणजे ऑर्डर आली, असं घरच्यांना वाटलं, आम्हालाही थोडं वाटलं. तसं नसतं. अहवाल तयार होतो, मग गरज मान्य झाल्याची मंजुरी, ज्याला एओएन म्हणतात, मग निविदा, मग किमतीची बोलणी, मग करार. आयडेक्ससाठी २०२२ मध्ये पद्धत सोपी केली, एओएनपासून करारापर्यंत साधारण २२ आठवडे धरले आहेत. पण एओएनच्या आधीचा काळही तुमचाच असतो. प्रोटोटाइपचं अनुदान संपलेलं, ऑर्डरचा पैसा अजून यायचा, आणि ज्यांना हे काम येतं ती माणसं धरून ठेवायची. चांगलं तंत्रज्ञान असलेल्या छोट्या कंपन्या याच काळात बंद पडतात. चाचणीत नापास झालेल्या मी कमी पाहिल्या, या काळात पगार न देता आल्यामुळे माणसं गेलेल्या जास्त.

आम्हाला मासळीनं तारलं. तळोज्याच्या मासळीच्या एका शीतगृहात उणे २० मध्ये कामगार बारकोड स्कॅनर वापरतात आणि त्यांच्या बॅटऱ्या अर्ध्या पाळीत बसतात. तोच बोर्ड, तीच हीटर फिल्म, लहान आकार. तिथून पुढे आणखी चार शीतगृहं मिळाली. संरक्षणात उतरणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते की तुमची वस्तू सैन्याशिवाय आणखी कोणाला लागते. उत्तर नसेल तर ते आधी शोधा.

किमतीच्या बोलणीत त्यांनी प्रत्येक भागाचा हिशेब मागितला. सेल बाहेरून येतात, मग देशी हिस्सा किती? सेल कुठून आले, चिप कुठून आली, कागदासकट दाखवावं लागलं. २०२५ च्या सुरुवातीला चिनी सुट्या भागांमुळे ड्रोनचे करार रद्द झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यामुळे प्रश्न जास्त बारीक होते. आम्ही पहिल्यापासून प्रत्येक बिल जपलं होतं, त्या फायलीनं आम्हाला उभं केलं. लघुउद्योगाच्या उद्यम नोंदणीमुळे निविदेची बयाणा रक्कम भरावी लागली नाही. बँक गॅरंटीला मात्र बँकेनं शंभर टक्के रक्कम अडकवून ठेवली.

मार्च २०२५ मध्ये करारावर सही झाली. दिवाळीनंतर पहिला लॉट तपासून गेला. पेट्यांवर तपासणीचा शिक्का बसला तेव्हा वायरिंगच्या काकांनी हात पुसून त्यावरून एकदा हात फिरवला.

आता शनिवारी दुपारी माझ्या टेबलाशी दुसऱ्यांच्या फायली असतात. सांगलीचा एक मुलगा बर्फाखाली अडकलेला माणूस शोधणारं यंत्र बनवतो आहे. हुशार आहे, अर्जात 'पूर्ण क्षमता' असं त्यानंही लिहिलं होतं, ते आम्ही मिळून खोडलं. पुढच्या गुरुवारी त्याची नोडल ऑफिसरबरोबर, म्हणजे सैन्याच्या संपर्क अधिकाऱ्याबरोबर, पहिली बैठक आहे. जाताना गाळ्यावर ये म्हणून सांगितलंय. काकांनी त्याच्यासाठी मोज्यांचा एक जोड काढून ठेवला आहे.