पिंग जातंय, पण घड्याळ काही जुळेना

ऑफिसमधल्या उबुंटू सर्व्हरवर लॉगिन करताना ऑथेंटिकेटरचा कोड टाकला की सरळ नकार. हे कोड दर 30 सेकंदांनी बदलतात आणि दोन्हीकडची घड्याळं जुळली तरच चालतात, म्हणून संशय आधी घड्याळावरच. सर्व्हरला स्क्रीन-कीबोर्ड लावून पाहिलं तर साहेब चार मिनिटं मागे. मशीन दिवाळीच्या सुट्टीत बंद होतं आणि बोर्डावरची सीआर2032 बॅटरी म्हातारी झालेली, त्यामुळे घड्याळ मागे पडलं हे समजू शकतो, पण चालू झाल्यावर क्रोनीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामने, ते सुधारायला नको का?

ग्रुपवर टाकलं तर टाइमझोन बघ, टाइमझोन बघ. अरे बाबांनो, फरक बरोबर साडेपाच तासांचा असता तर बघितलं असतं, तो घोळ विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असले की होतो, कारण विंडोज हार्डवेअर घड्याळात लोकल टाइम ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ.

घड्याळाची स्थिती दाखवणारी टाइमडेटसीटीएल कमांड म्हणतेय सर्व्हिस अ‍ॅक्टिव्ह, पण त्या ओळीच्या वरच्याच ओळीत सिंक्रोनाइज्ड: नो. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे प्रोग्राम चालू आहे एवढंच, वेळ मिळतेय असं नाही. मग क्रोनी कुठून वेळ घेतोय हे दाखवणारी क्रोनीसी सोर्सेस कमांड मारली, तर प्रत्येक टाइम सर्व्हरपुढे प्रश्नचिन्ह आणि रीचच्या कॉलममध्ये शून्य. म्हणजे एकाचंही उत्तर आलेलं नाही. त्याच सर्व्हरना पिंग मात्र मस्त जात होतं, आणि इथेच बरेच जण फसतात, कारण पिंग आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर जातं आणि एनटीपी, म्हणजे वेळ जुळवायचा प्रोटोकॉल, यूडीपीच्या 123 पोर्टवर. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टीसीपीडम्प लावून बसलो, पॅकेट बाहेर जातायत, परत काहीच नाही.

आयटीवाल्याला फोन केला तेव्हा कळलं की सुट्टीत नवीन फायरवॉल बसवलाय आणि 123 बाहेर बंद केलाय, पण फायरवॉल स्वतःच आत वेळ देतो. कोणी सांगायचं तरी! क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये बाहेरच्या टाइम सर्व्हरच्या जुन्या पूल ओळी कमेंट करून (म्हणजे निष्क्रिय करून) फायरवॉलचा आयपी टाकला, पुढे आयबर्स्ट (सुरुवातीला पटापट विचारणा करायचा पर्याय), आणि सर्व्हिस रीस्टार्ट. त्याआधी डेटाबेस बंद केला, कारण घड्याळ एकदम उडी मारणार होतं.

रीच बघता बघता 17 झाला, मग 37, 77, 177 आणि शेवटी 377. हा आकडा ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावर, असतो, 377 म्हणजे शेवटच्या आठही वेळा उत्तर आलं. कोड पहिल्या फटक्यात चालला. बॅटरी त्याच संध्याकाळी बदलली.