मासा केवढा होता?

माझ्या मामाने कोयनेच्या डोहात धरलेला मरळ मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा वीतभर होता. 'ऐकला' असंच म्हणायला हवं, कारण पाहिला कुणीच नव्हता. गणपतीत तो हातभर झाला. पुढे मावसबहिणीच्या लग्नात पंगती उठल्यावर मामा उभा राहिला आणि त्याने मासा जमिनीपासून मांडीपर्यंत दाखवला. मामी पलीकडे विडे लावत होती. "अजून दोन लग्नं होऊ द्या," ती म्हणाली, "मग त्या डोहात मावायचा नाही."

मामाचा चार-पाच जणांचा कंपू होता. बांबूच्या काठ्या, गळ, पत्र्याच्या डब्यात जिवंत बेडक्या. मरळ बेडकीवर येतो. रविवारी नदीवर जायचं आणि संध्याकाळी सायकलच्या दुकानाच्या फळीवर बसायचं. नदीवर ही मंडळी तोंडातून चकार शब्द काढत नसत, मासा बुजतो म्हणून. सगळं बोलणं फळीसाठी राखून ठेवलेलं. गळ टाकणाऱ्याला किंवा बंदूक धरणाऱ्याला अशी एक फळी लागतेच, हे माझं तेव्हापासूनचं मत. ती नसली तर शिकार करून उपयोग काय?

या देशातली सगळ्यात नामांकित फळी मुंबईत, फोर्टात, एका वाइनच्या दुकानात होती.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थ भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात) जमले. दर महिन्याला भेटायचं, काय पाहिलं ते सांगायचं, काय मिळालं ते दाखवायचं, एवढाच बेत. सहा साहेब आणि दोन आपले डॉक्टर : प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. नाव ठेवलं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. नाव भारदस्त, पण पुढे येऊन मिळालेल्या साहेबांपैकी बऱ्याच जणांना रानाची ओळख बंदुकीच्या नळीतूनच झाली होती. सिवनीच्या जंगलात शिकारी केलेले स्टर्नडेल त्यांतलेच. पुढच्याच जानेवारीत हर्बर्ट फिप्सन नावाच्या वाइनच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातली एक खोली त्यांना दिली. शिकारीच्या गप्पांना याहून सोयीची जागा मला तरी सुचत नाही.

आठांतला माझा आवडता एडवर्ड हॅमिल्टन एटकन. जन्म साताऱ्याचा, म्हणजे मामाच्या मुलखातला. नोकरी मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात. इतरांच्या भिंतींवर वाघांची मुंडकी लागली; एटकनच्या वाट्याला डास आला. गोव्याच्या सरहद्दीवरच्या जकात नाक्यांवर हिवताप का पसरतो ते पाहायला त्याला पाठवलं होतं, तिथे त्याला अॅनोफिलिसची एक नवी जात सापडली. तिला त्याचंच नाव मिळालं, अॅनोफिलिस एटकनाय. डासाच्या बाबतीत थाप मारायची सोय नाही. फार तर किती चावले ते वाढवून सांगता येईल.

वाघाचं तसं नव्हतं. १८८६ पासून सोसायटीचं नियतकालिक निघू लागलं आणि शिकाऱ्यांच्या गप्पा छापून यायला लागल्या. छापलं की वाद आलाच. वाघ मोजायच्या दोन रीती. एकीत वाघ सरळ लांब करून नाकाच्या टोकाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाशी दुसरी ठोकायची आणि दोन खुंट्यांमधलं अंतर घ्यायचं. दुसरीत टेप डोक्यावरून, मानेच्या खळग्यातून, पाठीच्या वळणावळणाने शेपटीपर्यंत न्यायची. दुसऱ्या रीतीत तोच मेलेला वाघ काही इंच वाढतो. शिवाय व्हाइसरॉयच्या वाघासाठी ११ इंचांचा फूट असलेली खास टेप असायची, ही चेष्टा तर प्रसिद्धच आहे. हे वाचलं तेव्हा मामाबद्दलचा माझा आदर एकदम वाढला. त्याच्याजवळ टेपसुद्धा नव्हती.

तरी एक फरक मानावा लागतो. वाइनच्या दुकानातल्या फळीवर 'दाखवा' म्हणायची सोय होती. कातडी, कवट्या, अंडी, बाटलीतले साप, काय सांगाल ते पुढ्यात ठेवा. नुसत्या सांगण्यावर कपाट भरत नाही. १८९४ मध्ये कारवारहून तर जिवंत धनेशच (हॉर्नबिल) आला. त्याचं नाव विल्यम. मानद सचिव मिलर्ड यांच्या खुर्चीमागे तो १९२० पर्यंत राहिला. फेकलेला चेंडू चोचीत झेलायचा आणि शेवटी पेटती सिगार गिळल्याने मेला, असं सांगतात. संस्थेच्या बोधचिन्हावर आज तोच पक्षी आहे, इमारतीचं नावही हॉर्नबिल हाउस.

आणि १९०८ मध्ये तिथे एक पोरगा आला, हातात छर्ऱ्याने मारलेली चिमणी घेऊन. सालिम अलींची ही गोष्ट शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. मला त्यातला मामा महत्त्वाचा वाटतो. अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. भाच्याने विचारलं, हिच्या गळ्यावर पिवळा डाग कसा? मामाला सांगता येईना. त्याने सरळ चिठ्ठी लिहून दिली आणि पोराला मिलर्डसाहेबाकडे धाडलं. 'मला ठाऊक नाही' असं कबूल करणारा शिकारी, तोही भाच्यासमोर! आमच्या मामाने त्या चिमणीचं नाव, गाव आणि चव सगळं जागच्या जागी सांगितलं असतं, आणि देश एका पक्षितज्ज्ञाला मुकला असता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीच्या शिकारीला लगाम बसला. मामाची फळी त्याआधीच मोडली होती. सायकलच्या दुकानाचं मोबाइलचं दुकान झालं ते फार पुढे.

गेल्या दिवाळीत मी मामाला खुंट्यांची आणि वळणांची हकिगत सांगितली. त्याने डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकली.

"आमचा मरळ दुसऱ्या रीतीने मोजलेला," तो म्हणाला.

मामी वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिसऱ्या."