बाईंनी वाचलेला कीट्स

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. शाळेने पुष्कळ दिलं, पण दहावीच्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी अभ्यासक्रमाबाहेरच्या ज्या कविता वाचून दाखवल्या, त्या मला आजही पुरतात.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर बाई ग्रंथालयात बसत. ज्याला थांबायचं तो थांबे. बालकवींची ‘आनंदी आनंद गडे’ आम्हाला पाठ होती. निसर्गकविता म्हणजे ऊन, फुलं, पाखरं आणि मोकळं झालेलं मन, एवढीच आमची समज. बाईंनी सुरुवातही वर्ड्सवर्थच्या डॅफोडिल्सनेच केली, पण त्यांना आम्हाला न्यायचं होतं ते कोलरिज आणि कीट्स या इंग्रज कवींपाशी.

१७९७ चा उन्हाळा. सॉमरसेटमधल्या नेदर स्टोवी गावी कोलरिजकडे पाहुणे आलेले, आणि नेमकं बायकोच्या हातून उकळतं दूध त्याच्या पायावर सांडलं. मित्र फिरायला गेले. हा शेजारच्या बागेत लिंडनच्या झाडाखाली बसून राहिला. ‘धिस लाइम-ट्री बॉवर माय प्रिझन’ या कवितेत त्या सावलीला तो तुरुंग म्हणतो आणि मनानेच मित्रांच्या मागोमाग निघतो. आधी नेच्यांनी भरलेली ओली घळ, मग टेकडीचा माथा, मग समुद्र. तिथे त्याला आठवतो तो त्या मित्रांतलाच चार्ल्स लॅम. लॅम लंडनला ईस्ट इंडिया कंपनीत कारकून होता. आदल्याच वर्षी त्याच्या बहिणीने वेडाच्या भरात आईचा जीव घेतला होता, आणि तिला सांभाळण्याचं त्याने पत्करलं होतं. हे सूर्यास्ताचं वैभव त्याला बघायला मिळो, हीच कोलरिजची सारी इच्छा. बाई म्हणाल्या, “बघा, निघाला स्वतःच्या सुटकेसाठी आणि पोचला मित्राच्या दुःखापाशी.” मग कवी मान वर करतो, तर त्याच झाडाची पानं उन्हात आरपार उजळलेली.

कीट्सला बाईंनी जास्त वेळ दिला. मी पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकलो आणि आज औषधांचं दुकान चालवतो, त्यामुळे कीट्स मला आमच्यातलाच वाटतो. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये तो शिकला, १८१६ मध्ये त्याला औषधं देण्याचा परवाना मिळाला आणि मग कवितेसाठी त्याने तो व्यवसाय सोडला. १८१८ च्या डिसेंबरात धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला. त्याची शुश्रूषा कीट्सनेच केली होती. पुढच्या वसंतात लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या बागेत नाइटिंगेल या पाखराचं गाणं ऐकून त्याने ‘ओड टू अ नाइटिंगेल’ ही कविता लिहिली.

त्यात सुटकेच्या वाटा तो एकेक करून तपासतो. पहिल्याच ओळींत विष आणि अफू येतात. नंतर मद्य येतं, आणि तेही तो नाकारतो. पाखरापर्यंत जायचं ते कवितेच्या अदृश्य पंखांवरूनच. पण का जायचं, हे तो लपवत नाही. जिथे तारुण्य फिकुटतं, झिजतं आणि मरतं, ते जग त्याला विसरायचंय. ही ओळ वाचताना टॉम आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या गल्ल्यावर झोपेच्या गोळ्यांसाठी माणसं येतात. त्यांनाही काहीतरी विसरायचं असतं. म्हणून या कवितेला कुणी नुसतं पलायन म्हटलं की मला ते पटत नाही.

आणखी एक जागा माझी फार लाडकी. पाखरापाशी तो पोचतो तेव्हा काळोख असतो. पायाशी कुठली फुलं आहेत तेही दिसत नाही. वासावरून तो अंदाज बांधतो: हॉथॉर्न, रानगुलाब, पानांखाली दडलेले व्हायोलेट. इथला निसर्ग डोळ्यांनी पाहिलेला नाहीच, कल्पनेने ओळखलेला आहे. शेवटी गाणं दूर जातं आणि आपण जागे आहोत की झोपेत, हा त्याचा प्रश्न तसाच राहतो. १८२१ मध्ये रोमला कीट्सही क्षयानेच गेला, पंचविसाव्या वर्षी.

आमची तुकडी या निमित्ताने ग्रंथालयाला इंग्रजी कवींचे संग्रह देते आहे. त्यांत कीट्सच्या पत्रांचं पुस्तक आवर्जून घातलंय. नाइटिंगेलच्या कवितेच्याच वसंतात अमेरिकेतल्या भावाला आणि वहिनीला लिहिलेलं एक लांबलचक पत्र त्यात आहे. जगातल्या दुःखातून आत्मा कसा घडतो याबद्दल तो त्यात लिहितो. आजच्या दहावीच्या मुलांनी ते पत्र आणि ती कविता शेजारी ठेवून वाचावी. शनिवारी शाळा सुटल्यावर कुणी थांबणार असेल, तर वाचून दाखवायला मी यायला तयार आहे.